पायी चालणाऱ्यांची पेठ

मालवणची बाजारपेठ समुद्राच्या बाजूने वसत आलेली आहे. ज्या काळी कोकणात पक्क्या सडका थोड्या होत्या आणि सह्याद्रीचे घाट उतरणे हे मोठे संकट वाटे, त्या काळी मालवणचा राजमार्ग म्हणजे पाणीच होते. गलबतांतून व मचव्यांतून आलेला माल बंदरावर उतरे आणि तेथून तो हमालांच्या डोईवरून किंवा बैलगाडीतून गावात जाई. पुढे आगबोटी आल्या. त्या खडकाळ बंदरापासून दूर उभ्या राहत व उतारू पडावात बसून किनाऱ्यास लागत. उतारू किनाऱ्यास लागला की तो चालू लागे. अशा पेठेला रस्ता तरी किती रुंद हवा? डोईवर पाटी घेतलेली दोन माणसे एकमेकांस धक्का न लावता जातील आणि मधून एखादी बैलगाडी निघेल, एवढा असला म्हणजे झाले. रस्ता तेवढाच ठेवला गेला. दोहों अंगांस कौलारू घरे उभी राहिली. पुढच्या भागात दुकान आणि मागे किंवा वर बिऱ्हाड, अशी त्यांची रचना होती.

त्या वेळी ज्यांनी हा रस्ता आखला, त्यांना मोटार ठाऊक नव्हती. त्यांचा त्यात काही दोष नाही. आज मात्र त्याच रुंदीतून मोटारी, रिक्षा, दुचाकी आणि मालाचे टेम्पो जाऊ पाहतात. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला; १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. मुंबईहून सावकाश येणारा पाहुणा आता रातोरात येऊ लागला. दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत किल्ला पाहावयास आलेल्या प्रवाशांच्या गाड्या आणि चतुर्थीला चाकरमान्यांच्या गाड्या, अशी भर पडते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचे सामान घेण्यास निघालेली एखादी वृद्ध बाई या पेठेत कशी चालते, हे पाहण्यासारखे असते. तिचा एक हात पिशवीकडे असतो, दुसरा नातवाच्या मनगटाकडे आणि कान मागून येणाऱ्या भोंग्याकडे. दुकानातील वस्तूंकडे पाहावयास तिचे डोळे मोकळे राहतच नाहीत.

आता थोडा हिशेब करून पाहू. एक लहान मोटार सुमारे चार मीटर लांब व पावणेदोन मीटर रुंद असते. तेवढ्या जागेत दहा माणसे आरामात उभी राहू शकतात. आणि त्या मोटारीत बहुधा दोघेच बसलेले असतात. ती मोटार दुकानासमोर उभी राहिली, तर दुकानात गिऱ्हाईक शिरले दोन आणि दुकानाची वाट अडली दहा जणांची. हा हिशेब कोणत्याही वाण्याला चटकन कळावा असा आहे. तरीही ‘पेठेत वाहने नकोत’ असे कोणी म्हटले की प्रथम धास्तावतो तो वाणीच. त्याची धास्ती खोटी नाही, हे पुढे दिसेल.

वर्षातून दोन दिवस ही पेठ आपल्या जुन्या रूपात येते. नारळी पौर्णिमेला सागरास श्रीफळ अर्पण करण्यासाठी व्यापारी व गावकरी वाजतगाजत बंदराकडे जातात. दिवाळीच्या पाडव्याला श्री देव रामेश्वर आणि श्री देव नारायण यांची पालखी नगराच्या भेटीस निघते आणि वाटेत बाजारपेठेतून जाते. त्या वेळी रस्त्यावर चाक दिसत नाही. माणसे रस्त्याच्या मध्यभागी उभी राहून बोलतात, मुले या फळीवरून त्या फळीवर धावतात आणि दुकानदार पायरीवर येऊन ओळखीच्यांना हाका मारतात. कोणी आदेश काढलेला नसतो आणि कोणाची तक्रारही नसते. रस्ता तोच आणि रुंदीही तीच. परंतु त्या दिवशी तो कोणालाच अरुंद वाटत नाही.

बंदरावरून समोर दिसणाऱ्या सिंधुदुर्ग किल्ल्यातही वाहन नाही. कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी ज्याचा पाया घातला आणि १६६७ साली जो पूर्ण झाला, त्या किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. त्यांचे पीठ, मीठ, औषध, सारे होडीने येते आणि पुढे माणसाच्या हाताने जाते. तेथे बंदी घालणारा समुद्र आहे. जमिनीवरच्या पेठेत ही बंदी माणसांनाच घालून घ्यावी लागते आणि म्हणूनच ती अवघड असते.

महाराष्ट्रात अशी बंदी पिढ्यान्‌पिढ्या पाळणारे एक गाव आहे, ते म्हणजे रायगड जिल्ह्यातील माथेरान. १८५० साली ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर मॅलेट यांच्यामुळे हे डोंगरमाथ्यावरील ठिकाण प्रसिद्धीस आले. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाने नेरळपासून वरपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी नेली. मोटारीची सडकही झाली. पण ती दस्तुरी नाक्यापाशी थांबते. मोटार तेथे ठेवून माणसाने पुढे गावात पायी जावे, असा परिपाठ आहे. २००३ साली केंद्र शासनाने या परिसरास पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र ठरविले, तेव्हा या परिपाठास कायद्याचे अधिक बळ मिळाले. रुग्णवाहिकेसारखी निकडीची वाहने तेवढी वगळलेली आहेत. माथेरानच्या बाजारात मालवणसारखीच जांभ्याची तांबडी माती पायाखाली असते, झाडांची सावली दुकानांवर पडते आणि संध्याकाळी सारा रस्ता माणसांनी फुललेला असतो. पाहुणे तेथे मोटार नसूनही जातात असे नव्हे; मोटार नाही म्हणूनच पुष्कळजण जातात.

येथेच थांबले तर माथेरानची गोष्ट फार गोड होईल. परंतु तिचा दुसरा भाग सांगितल्यावाचून ती पुरी होत नाही. मोटार अडविली म्हणून ओझे नाहीसे होत नाही. ते कोणाच्या तरी खांद्यावर जाऊन बसते. माथेरानात ते घोड्यांच्या पाठीवर, हमालांच्या डोक्यावर आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या छातीवर बसले. ज्यांना चढ चालवत नाही अशा प्रवाशांना हातरिक्षेत बसवून एकाने पुढून ओढावयाचे व मागून इतरांनी रेटावयाचे, हा तेथील कित्येक कुटुंबांचा धंदा होता. पाहुण्यांना शुद्ध हवा मिळावी म्हणून दुसऱ्या माणसाने धापा टाकाव्या, ही गोष्ट मनास पटणारी नव्हती. खुद्द ओढणाऱ्यांनाही ती पटत नव्हती. त्यांनीच विजेवर चालणाऱ्या रिक्षांची मागणी लावून धरली. घोडेवाल्यांचा मात्र विरोध होता, कारण त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये अशा थोड्या रिक्षा प्रायोगिक स्वरूपात सुरू झाल्या. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने, माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस धरून नाही असे सांगून, ती सहा महिन्यांत बंद करण्याचा व ओढणाऱ्यांच्या उपजीविकेची सोय लावण्याचा आदेश दिला. वाहनबंदी घालताना जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारावयास हवा होता, तो इतक्या वर्षांनी न्यायालयात विचारला गेला.

पुण्याचा अनुभव निराळा आहे. तेथील लक्ष्मी रस्ता कापड व सोन्याच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. गणेश विसर्जनाच्या दिवशी मानाच्या गणपतींच्या मिरवणुका याच रस्त्याने जातात, तेव्हा तेथेही वाहनांस वाव नसतो. पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचाऱ्यांविषयीचे धोरण मान्य केले आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी ‘पादचारी दिन’ पाळून या रस्त्याचा मधला भाग दिवसभर केवळ चालणाऱ्यांसाठी राखून ठेवला. बैठका मांडल्या, मुलांचे खेळ झाले, लोकांनी रस्त्याच्या मधोमध उभे राहून वर पाहिले आणि रोजच्या रस्त्यावरील जुन्या इमारती अनेकांना प्रथमच दिसल्या. पुढील वर्षांतही हा दिवस पाळण्यात आला. व्यापाऱ्यांत मात्र दोन मते राहिली. काहींना ही कल्पना आवडली. काहींनी विचारले की, लग्नाचा बस्ता बांधावयास आलेल्या कुटुंबाने दहा गाठोडी घेऊन गाडीपर्यंत कसे जावे आणि ती गाडी तरी लावावी कोठे? प्रश्न रास्त होता. एका दिवसाच्या उत्सवात त्याचे उत्तर मिळण्यासारखे नव्हते.

हीच शंका दूरच्या देशांतही निघाली होती. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील स्ट्रॉयेट नावाचा सुमारे एक किलोमीटर लांबीचा बाजाररस्ता १७ नोव्हेंबर १९६२ रोजी वाहनांना बंद करण्यात आला. आपल्या थंड मुलुखात बाहेर रेंगाळावयास येणार कोण, असे तेथील लोक म्हणत. गिऱ्हाईक तुटेल म्हणून दुकानदार चिडले होते. नगरपालिकेने बंदी कायमची न घालता आधी प्रयोग म्हणून घातली आणि लोकांना पाहू दिले. पायी येणारे वाढले, विक्रीही बुडाली नाही आणि १९६४ साली ती व्यवस्था कायम झाली. यान गेल या वास्तुशास्त्रज्ञांनी पुढे त्या रस्त्यावर उभे राहून माणसे मोजली, ती कोठे थांबतात व कोठे बसतात याची टिपणे केली. रस्त्यावर किती वाहने जातात हे मोजण्याची रीत सर्वत्र असते. किती माणसे थांबतात हे मोजणारा विरळा.

दिल्लीचा चांदणी चौक लाल किल्ल्यापासून फत्तेपुरी मशिदीपर्यंत जातो. २०२१ साली त्याचे नूतनीकरण होऊन सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत मोटारींना तेथे मज्जाव करण्यात आला. मालाची चढउतार रात्री करावयाची, असे ठरले. नियम चांगला, पण पहारा सैल पडला की दुचाकी आत शिरतात, असाही अनुभव तेथे आला आहे.

आता मालवणच्या पेठेचा विचार करावयाचा तर या सर्वांच्या अनुभवाचे गाठोडे जवळ ठेवून करावयास हवा. प्रवाशांचे दिवस असतील तेव्हा सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत पेठ चालणाऱ्यांची असावी आणि मालाच्या टेम्पोंनी पहाटे येऊन जावे, इतके ठरविणे कठीण नाही. रुग्णवाहिका व अग्निशामक बंब यांना वाट मोकळी हवी, यात वादच नाही. पेठेच्या दोन्ही तोंडांशी गाड्या ठेवावयास जागा लागेल. ती न करता बंदी घातली, तर पेठेतील गर्दी शेजारच्या आळीत जाईल आणि तेथील रहिवाशांच्या दारात उभी राहील. पेठेतच ज्यांचे बिऱ्हाड आहे त्यांना आपली दुचाकी घरापर्यंत नेता आली पाहिजे.

मासळीचे काय, हा खास मालवणचा प्रश्न आहे. कापडाचे ठाण पहाटे आले काय आणि रात्री आले काय, ते तसेच राहते. मासळी भरतीओहोटीच्या व होड्यांच्या वेळेने येते. ती घड्याळ जाणत नाही. बर्फातली टोपली घेऊन निघालेल्या मासे विकणाऱ्या बाईला ‘दहा वाजून गेले, रिक्षा आत नेऊ नकोस’ असे सांगणे म्हणजे तिच्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणे होय. तिच्यासाठी हातगाडीची किंवा विजेवरच्या लहान गाडीची सोय आधी करावी आणि फलक मागाहून लावावा. आचरा, कट्टा, चौके अशा गावांहून आठवड्याचा बाजार करावयास येणाऱ्या शेतकऱ्याचीही तीच गोष्ट. तांदळाचे पोते तो खांद्यावर घेऊन किती दूर जाणार? दुकानदाराने माल पेठेच्या तोंडाशी पोचविण्याची हमी दिली, तर तो दुसरीकडे जाणार नाही.

राहता राहिला पाऊस. कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तो असा कोसळतो की छत्रीचा उपयोग केवळ समाधानापुरता होतो. अशा वेळी पायी कोण येईल, ही दुकानदाराची भीती कोपनहेगनच्या बर्फाहून खरी आहे. परंतु जुन्या घरांची पुढे आलेली पडवी हेच तिचे उत्तर होते. कौलांची पाखी पुढे ओढून घेतली की तिच्याखालून माणूस कोरडा जाई. जेथे दोन घरांच्या पडव्या एकमेकींस लागून असत, तेथे ही कोरडी वाट लांबत जाई. नव्या इमारती बांधताना पाखी गेली, पडवीत काचेचे कपाट आले आणि चालणारा पावसात आला. पेठ चालणाऱ्यांची करावयाची असेल, तर दोन्ही बाजूंनी पुन्हा छपराची सलग वाट धरावी लागेल. तिचा खर्च कोणी करावा, याविषयी व्यापारी, घरमालक आणि नगरपरिषद यांनी एकत्र बसून बोलले पाहिजे.

पाडव्याच्या रात्री पालखी पुढे निघून जाते, तरी लोक लगेच हलत नाहीत. कोणी फळीवर बसून खाजे सोडतो, कोणी दहा वर्षांनी भेटलेल्या सोबत्याशी बोलत रस्त्याच्या मध्यावर उभा असतो. मग पेठेच्या टोकाशी पहिल्या दुचाकीचा दिवा दिसतो. माणसे एकेक पाऊल मागे सरतात, लहान मुलांना हात धरून कडेला ओढून घेतले जाते आणि मध्ये वाहनापुरती वाट होते.