साधी गाडी मागे लागली तर

छोटे, आता तू दर शनिवारी अकोल्याहून एकटी गाडी काढून अमरावतीला येणार म्हणतेस, तर एक गोष्ट आपल्या दोघींतच बोलून ठेवू. आई-बाबांसमोर नको. त्यांनी ऐकलं तर ते गाडीची किल्लीच लपवतील.

तो रस्ता आता पूर्वीचा राहिला नाही. जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात गेला, तोच हा. पण रस्ता गुळगुळीत झाला म्हणून अंधार काही कमी झाला नाही. मध्येच असे पट्टे लागतात की दोन्हीकडे नुसती पऱ्हाटी आणि तूर. तिथं मागून एखादी पांढरी गाडी दिवे मारत बाजूला येते आणि आतला माणूस हात काढून म्हणतो, "पोलीस. गाडी बाजूले घे." वर दिवा नाही, दारावर पट्टा नाही, अंगात खाकी नाही. काय करशील?

आधी हे लक्षात घे की अशा गाड्या खऱ्याही असतात. एलसीबीवाले, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेचे लोक, सिव्हिल ड्रेसमध्ये आणि साध्या गाडीतून फिरतात. गुटख्याची नाहीतर रेतीची गाडी पकडायची तर पाटी लावून कसं जमेल? म्हणून समोरचा चोरच आहे असं धरून गाडी पळवू नकोस. तो खरा पोलीस निघाला तर पळाल्यामुळेच संशय वाढतो. आणि धक्काबुक्की झाली, तर गावभर '३५३' म्हणून माहीत असलेलं कलम लागू शकतं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्याचा नंबर १३२ झाला.

पण दुसरी बाजूही ऐक. लायसन मागायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० ने दिला आहे तो गणवेशातल्या पोलिसाला. साध्या शर्टातला माणूस आडरस्त्याला "लायसन दाखव, चालान आहे" म्हणत असेल, तर सावध हो.

माझं म्हणणं एकच आहे. थांबायचं, पण कुठं ते तू ठरवायचं. वेग कमी कर, चारही इंडिकेटर लाव, डावीकडून चाल आणि हाताने पुढची खूण कर, म्हणजे ही पळत नाही हे त्याला कळेल. मग पेट्रोल पंप, टोलनाका किंवा ट्रक उभे असलेला ढाबा येईपर्यंत तशीच जा. तोवर फोन स्टँडवरच ठेवून स्पीकरवर ११२ लाव. हा फोन आपल्या जिल्ह्यात उचलत नाहीत. तो नवी मुंबई नाहीतर नागपूरच्या केंद्रात लागतो, तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. त्यामुळे "तो मोठा ढाबा नाही का" असं सांगून तिकडच्या बाईला काय कळणार बापा! हायवेचं नाव, तोंड कुणीकडे, कोणतं गाव मागे पडलं आणि मागच्या गाडीचा नंबर, एवढं सांग. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, माना, लोणी, बडनेरा ही वाटेवरची ठाणी क्रमानं पाठ करून ठेव.

ओळखपत्र तर बघशीलच, पण त्यावर विसंबू नकोस. लंडनमध्ये मार्च २०२१ मध्ये एका पोलिसाने एका तरुणीला खोट्या अटकेच्या नावाखाली भाड्याच्या गाडीत बसवलं आणि तिचा जीव घेतला. त्याचं ओळखपत्र अस्सल होतं, तो नोकरीतच होता. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी ठरवलं की साध्या वेशातल्या एकट्या पोलिसाने बाईला अडवलं, तर त्यानेच कंट्रोल रूमला व्हिडिओ कॉल लावून आपली खात्री पटवून द्यायची. आपल्याकडे असं काहून नाही? मला विचारशील तर रात्री एकट्या बाईची गाडी साध्या गाडीतून अडवूच नये, गणवेशातले लोक बोलवावेत. ते होईपर्यंत खात्री आपणच ११२ कडून करून घ्यायची.

थांबल्यावर दारं बंद, काच चार बोटं खाली, इंजिन चालू. लायसन काचेतून दाखव. डिजिलॉकरमधलंही चालतं, पण मग फोनच त्याच्या हातात जातो, म्हणून कार्ड जवळ ठेव. त्यांच्या गाडीत मात्र बसायचं नाही. ठाण्यात चला म्हणाले तर सांग, "तुम्ही पुढं व्हा, मी माझ्या गाडीनं येते." बाईची झडती बाईनेच घ्यायची असते. सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस आणि लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. हे सगळं भांडून नाही, शांतपणे बोलायचं. आणि कुणाच्या खाजगी नंबरवर फोनपे करायचं नाही. दंड असेल तर ई-चालान येईल, घरी बसून भरू.

स्कूटीवर असशील तर ना काच ना दार, म्हणून माणसांत जाऊनच थांब.

आईला यातलं एवढंच सांग, की सकाळी देवळात जाताना कुणी साध्या कपड्यातला म्हणाला, "पुढं चेकिंग आहे, पोत काढून रुमालात बांधा," तर काढायची नाही. हे तोतये पोलीस म्हाताऱ्या बायांनाच गाठतात आणि रुमालात खडे बांधून देतात.

आणि तुझ्या त्या मामेभावाला सांग, सासरे पोलिसात होते म्हणून जावयाच्या गाडीवर 'पोलीस' लिहायचं नसतं. स्टिकर काढ म्हणावं. माझं तर तो ऐकत नाही.