सोहन्याचं गरम पाणी कुठून येतं?

प्रश्न : गुरुग्रामजवळ सोहन्याच्या शिवकुंडातलं पाणी गरम असतं. जमिनीत वीज सोडून त्याची वाट शोधता येईल का?

उत्तर : हो, बरीचशी. चार खुंट्या एका ओळीत ठोकायच्या, बाहेरच्या दोन खुंट्यांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोन खुंट्यांमधलं व्होल्टेज मोजायचं. माती कोरडी असेल तर खुंटीभोवती मिठाचं पाणी ओततात, नाहीतर प्रवाह आत शिरतच नाही. बाहेरच्या खुंट्या लांब नेल्या की खोलवरचा विद्युतरोध कळतो. अरवलीचा अखंड क्वार्ट्झाइट हजारो ओहम-मीटर दाखवतो. भेगांत गरम, क्षारयुक्त पाणी असलं की आकडा कोसळतो.

मात्र गुरुग्राम-नूह पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी भूजल मुळातच खारं आहे, आणि चिकणमातीही रोध उतरवते. त्यामुळे नुसत्या कमी रोधावर बोअर मारू नका, ही माझी कळकळीची विनंती. मोजणीची ओळ भेगेला आडवी घ्या, आसपासच्या विहिरींचं तापमान आणि पाण्यातले क्षार तपासा. वस्तीतले लोखंडी पाइप आणि अर्थिंगही वाचन बिघडवतात.

काही किलोमीटर खोल पाहायचं तर मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत, म्हणजे पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युत-चुंबकीय बदलांवरून खोलवरचा रोध काढणारी पद्धत, हवी. लडाखच्या पुगा खोऱ्यात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तीच वापरली.