राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार : भाषा अनेक, मानदंड एक

भारतात अनेक भाषांत चित्रपट तयार होतात. हिंदी, तमिळ, तेलुगू या भाषांतील चित्रपटांमागे मोठा प्रेक्षकवर्ग आणि भांडवल असते. काही भाषांत मात्र वर्षाकाठी एखादाही चित्रपट निघत नाही. तिकीटविक्री हीच कसोटी मानली, तर अशा भाषांतील उत्तम कलाकृतीही दुर्लक्षित राहील. चित्रपटाची पारख कलागुणांवर व्हावी, या हेतूने केंद्र सरकारने १९५४ साली चित्रपटांना पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. हेच आजचे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार होत.

१९५३ सालच्या चित्रपटांमधून पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटाला मिळाले. १९५५ सालासाठी हा मान सत्यजित राय यांच्या ‘पाथेर पांचाली’ या बंगाली चित्रपटाने, तर १९६५ सालासाठी ‘चेम्मीन’ या मल्याळम चित्रपटाने मिळविला. पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाला ‘सुवर्णकमळ’ देण्याची प्रथा पडली. अभिनयाचे पुरस्कार १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाले. चित्रपटसृष्टीतील प्रदीर्घ सेवेसाठी १९६९ साली दादासाहेब फाळके पुरस्कार स्थापन झाला. त्याच्या पहिल्या मानकरी देविका राणी होत्या.

पुरस्कारासाठी चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र असावे लागते. निवड परीक्षक मंडळ करते. परीक्षकांना प्रत्येक भाषा येणे शक्य नसते. म्हणून चित्रपटाला इंग्रजी उपशीर्षके जोडलेली असतात. निरनिराळ्या भाषांतील सर्वोत्तम चित्रपटांना स्वतंत्र पुरस्कार असतात. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नसलेल्या भाषांनाही येथे स्थान आहे.

या व्यवस्थेचे मोल २०११ सालच्या निकालातून दिसते. त्या वर्षीचे सुवर्णकमळ ‘देऊळ’ हा मराठी चित्रपट आणि ‘ब्यारी’ यांना विभागून मिळाले. ब्यारी ही कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील एका लहान समाजाची बोली असून ‘ब्यारी’ हा त्या बोलीतील पहिलाच चित्रपट होता.

मराठी चित्रपटालाही या पुरस्काराने बळ दिले. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी, २००३ सालासाठी संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ला सुवर्णकमळ लाभले. दृष्टी गमावणाऱ्या नातवाची आणि त्याच्या आजोबांची ही कथा भारताच्या वतीने ऑस्करसाठीही पाठविली गेली. पुढे ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘कासव’ (२०१६) या चित्रपटांनीही हा सन्मान मिळविला.

पुरस्काराला मर्यादाही आहेत. परीक्षकांच्या निर्णयांवर वाद होतात. सन्मान लाभलेल्या चित्रपटाला चित्रपटगृह मिळेलच, असे नाही. पुरस्कार चित्रपटाकडे देशाचे लक्ष वेधतो. त्याला जगविणे अखेर प्रेक्षकांच्याच हाती असते.

शब्दार्थ
मानदंड – मोजण्याचे माप, कसोटी
मानकरी – सन्मान मिळविणारी व्यक्ती
उपशीर्षके – पडद्यावर खाली दिसणारा संवादांचा अनुवाद

पाठगत प्रश्न
१. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक कोणत्या चित्रपटाला मिळाले?
२. ‘ब्यारी’ला मिळालेला पुरस्कार महत्त्वाचा का ठरतो?
३. ‘चित्रपटाला जगविणे प्रेक्षकांच्या हाती असते’ या विधानाबाबत आपले मत पाच-सहा वाक्यांत लिहा.