आधी बैलाला वैरण

पालकहो, काशीदच्या किनाऱ्यावर मुलांना घेऊन याल तेव्हा त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. इथल्या घोड्यांना शनिवार-रविवारी उसंत नसते. पण याच किनारपट्टीवर, रेवदंडा-चौलपासून वर नवगावपर्यंत, काही घरांचे बैल शनिवारी घाण्याला जुंपले जात नसत.

ही घरं बेने इस्राएल ज्यूंची. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेली मोजकी माणसं हे आपले पूर्वज, असं हा समाज परंपरेने मानतो. तेल गाळणं हा त्यांचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. अलिबागच्या इस्राएल आळीत त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आजही उभं आहे. त्यांच्या धर्मातल्या दहा आज्ञांत विश्रांतीची आज्ञा आहे, ती माणसापाशी थांबत नाही. घरातल्या गुराढोरांनाही ती सुट्टी देते. आठवडाभर डोळ्यांवर झापड बांधून एकाच रिंगणात फिरणारा बैल त्या दिवशी मानेवर जू न घेता रवंथ करत बसे. त्याच्या श्रमावर आपली चूल पेटते, हे घरातल्या पोराला वेगळं सांगावं लागत नसेल.

तालमूद या ज्यू धर्मग्रंथात तर याहून साधा नियम आहे: आधी जनावराला चारा, मग आपलं ताट. कारणही सुरेख आहे. तोरा या त्यांच्या मूळ धर्मग्रंथात देव आधी गुरांसाठी रानात गवत देतो आणि मग माणसाच्या पोटभर जेवणाचं बोलतो. तोच क्रम माणसाने पाळायचा. आपल्या गोग्रासाची आठवण होते ना? रोज सकाळी आभार मानतानाही ज्यू माणूस कोंबड्याला विसरत नाही. दिवस-रात्र ओळखायची समज त्याला देणाऱ्या देवाला तो धन्यवाद देतो.

ज्यू परंपरेतली बेडकाची कथाही मुलांना हमखास आवडेल. स्तोत्रं रचून झाल्यावर दावीद राजाला वाटलं, देवाची स्तुती माझ्याइतकी कोणी केली नसेल. तेव्हा एक बेडूक त्याला म्हणाला, राजा, गर्व नको, मी तुझ्याहून जास्त गातो. कोकणातल्या पावसाळी रात्री ही कथा सांगून पाहा, बाहेर साथ द्यायला बेडूक असतातच.

आपण मुलांना ‘थँक्यू म्हण’ असं सारखं बजावतो. माझं प्रामाणिक मत असं की, कृतज्ञता जिभेआधी हाताला शिकवावी. मूल आधी चिमण्यांना दाणे टाकू दे, गोठ्यात पेंढी नेऊ दे, मांजराच्या वाटीत दूध ओतू दे, आणि मग ताटावर बसू दे. त्यानंतर देवापुढे जोडलेल्या हातांना अर्थ येतो, मग देव कुठल्याही घरचा असो.

आणि काशीदला घोड्यावर मुलाला बसवण्याआधी घोडेवाल्या दादांना एवढं विचारा: याला पाणी कधी पाजलं? हा प्रश्न मुलालाच विचारू द्या. घोडा दमलेला दिसला, तर फेरी राहू द्या.