शेततळ्याचे खोदकाम : यंत्र भाड्याने घ्यावे की विकत?

अहिल्यानगर जिल्ह्याचा (२०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा) फार मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अकोले तालुक्याचा पश्चिमेकडील डोंगराळ पट्टा सोडल्यास पाऊस बेताचा आणि तोही लहरी असतो. पडलेले पाणी शेतातच अडविणे हे येथील शेतीचे जुने काम होय. मुंबई राज्यात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला व त्याच्या आधारे नगर, सोलापूर अशा अवर्षणप्रवण जिल्ह्यांत समपातळी बांधबंदिस्तीची कामे निघाली. ती सारी कुदळ, फावडे आणि घमेले यांच्या बळावर झाली. १९७२ च्या दुष्काळातही पाझर तलावांवर मातीची डोकी हजारोंनी वाहिली गेली. आज तेच काम यंत्र करते. जे खड्डे भरावयास एखाद्या कुटुंबाला दोन उन्हाळे लागले असते ते आठवड्याभरात उकरून होतात. सोय मोठी खरी, पण यंत्र जितके वेगाने माती उकरते तितक्याच वेगाने पैसाही उकरते. म्हणून शेतकरी बंधूंनी हिशेब यंत्र शेतात येण्यापूर्वी करणे इष्ट आहे.

आपल्याकडे या कामास दोन प्रकारची यंत्रे येतात. एक चाकांचे, पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात असलेले. इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफोर्ड यांनी १९४५ साली काढलेल्या कारखान्याच्या आद्याक्षरांवरून अशा प्रत्येक यंत्रास आपण जेसीबी म्हणू लागलो, मग ते कोणाही कंपनीचे असो. दुसरे साखळीपट्ट्यांवर चालणारे व जागेवरच गोल फिरणारे मोठे यंत्र. त्याचे पोकलेन हे नावही एका फ्रेंच कंपनीवरूनच आले आहे. जेसीबी रस्त्याने स्वतः चालत येते. पोकलेनला ट्रेलरवर चढवून आणावे लागते आणि त्या ट्रेलरचे भाडे आपल्याच माथी असते. कोणते यंत्र स्वस्त पडेल हे पुष्कळ अंशी या एका फरकावर ठरते.

प्रथम कामाचे माप काढावे. वरच्या तोंडाशी ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि बाजूंचा उतार एकास एक, असे शेततळे धरू. तळाशी त्याची लांबी-रुंदी २४ मीटर राहते व मधोमध २७ मीटर. तोंडाचे क्षेत्रफळ ९००, तळाचे ५७६ आणि मधल्या क्षेत्रफळाची चौपट २,९१६. या तिन्हींची बेरीज ४,३९२. तिला खोलीने गुणून सहाने भागले की २,१९६ घनमीटर माती निघते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर, तेव्हा हे काम अदमासे ७७६ ब्रासचे झाले. तळ्याच्या तोंडाखालीच जवळजवळ ९ गुंठे जमीन जाते आणि भोवतालच्या भरावाची जागा निराळी, हेही येथेच ध्यानात घ्यावे.

आता यंत्राला तास किती लागतील ते पाहू. यासाठी मालकाच्या शब्दापेक्षा मनगटावरचे घड्याळ अधिक विश्वासू. शेजारच्या शिवारात यंत्र चालू असेल तेथे जाऊन दहा मिनिटे उभे राहावे व बकेट किती वेळा भरून रिती झाली ते मोजावे. मिनिटास दोन बकेटी पडतात असे धरू. तासातील साठही मिनिटे खोदकामाची नसतात. जागा बदलणे, कड नीट करणे, ऑपरेटरचा चहा यांत वेळ जातोच. पंचेचाळीस मिनिटे खरी धरली तर तासाला ९० बकेटी होतात. जेसीबीच्या मागच्या बकेटीत पाव घनमीटर सुटी माती मावते असे समजा. जमिनीतील घट्ट माती उकरली की फुगते. चार घनमीटरांची पाच होते असे धरल्यास त्या पाव घनमीटरात जमिनीतली खरी माती ०.२० घनमीटरच असते. म्हणजे तासाला १८ घनमीटर, आणि आपल्या तळ्यास १२२ तास. पोकलेनची बकेट ०.९ घनमीटर धरली तर याच रीतीने तासाला सुमारे ६५ घनमीटर निघतात व काम ३४ तासांत उरकते.

दर गावोगाव निरनिराळे असतात आणि डिझेलबरोबर चढतात-उतरतात, म्हणून पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्या गावचा दर घालावा. जेसीबीचे ताशी १,००० रुपये, पोकलेनचे ताशी २,००० रुपये आणि ट्रेलरचे जाऊन-येऊन १०,००० रुपये असे मानू. जेसीबीचा खर्च १,२२,००० रुपये होतो. पोकलेनचे ६८,००० अधिक ट्रेलरचे १०,००० मिळून ७८,००० रुपये. ज्याचा तासाचा दर ऐकून आपण दचकतो तेच यंत्र येथे स्वस्त ठरते. याउलट १०० मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर खोल अशी चारी खणावयाची असल्यास जेसीबीला साडेपाच-सहा तास पुरतात. पोकलेन मात्र ट्रेलरसह १३,००० रुपयांच्या घरात जाते. वरील दरांनी दोन्ही यंत्रांची बरोबरी सुमारे ४०० घनमीटरांवर होते. त्याहून लहान काम असेल तर मोठे यंत्र बोलावू नये.

या हिशेबात एक उणीव आहे ती सांगितली पाहिजे. तीस मीटर रुंद खड्ड्याच्या मधोमधची माती कोणतेही यंत्र एका फेकीत काठावर टाकू शकत नाही. ती दोनदा उचलावी लागते, नाही तर ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा टिपर लावून वाहावी लागते. त्यामुळे पोकलेनचे ३४ तास ४५ वर जाणे नवलाचे नाही, आणि हात आखूड असल्याने जेसीबीचे तर त्याहून अधिक वाढतील. ट्रॉल्या कमी पडल्या म्हणजे यंत्र उभे राहते व भाडे चालू राहते. तेव्हा वाहतुकीची जुळणी यंत्र येण्याच्या आदल्या दिवशीच पक्की असावी. चार शेजाऱ्यांनी आपली तळी एकामागून एक खणावयाचे ठरविले तर ट्रेलरचे भाडे चौघांत विभागले जाऊन प्रत्येकाचे ७,५०० रुपये वाचतात. ही बचत सर्वांत सोपी असूनही लोक तीच करीत नाहीत, कारण चौघांचे एक मत होण्यास वैशाख उजाडतो.

भाडे ठरविण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत : ताशी आणि उक्ती. ताशी भाड्यात काम लांबण्याचा धोका आपल्याकडे, उक्त्यात तो यंत्रमालकाकडे. खाली कठीण खडक लागण्याचा संभव असेल तर कोणताही शहाणा मालक उक्ते काम चढ्या दरानेच घेईल. म्हणून प्रथम दोन-तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घेऊन माती किती, मुरूम किती व खडक कोठे हे पाहावे. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडील हलक्या जमिनींत हातभरावर मुरूम लागतो, तर नेवासे, राहुरी, कोपरगावच्या काळ्या जमिनींत काही पुरुष खोलवर मातीच असू शकते. ब्रेकर लावावा लागल्यास त्याचा दर वेगळा असतो. तोही आधीच बोलून ठेवावा.

ताशी काम घेतल्यास यंत्रावरील तासमापकाचा आकडा सुरुवातीस व शेवटी दोघांच्या देखत वहीत लिहावा. इंजिन नुसते धडधडत असले तरी हा मापक पुढे सरकतो, हे मात्र विसरू नये. दर डिझेलसह आहे की डिझेल आपण भरावयाचे, ऑपरेटरचे जेवण व भत्ता कोणाकडे, किमान किती तासांचे पैसे घेणार, यंत्र बिघडले तर तो वेळ कोणाचा, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर घ्यावीत. तोंडी बोलणे चांगल्या ओळखीतच जास्त बिघडते.

उक्त्या कामात फसगत मापात होते. ट्रॉल्या मोजून खोदाईचे पैसे देण्याचे कबूल करणारा शेतकरी फुगलेल्या मातीचे पैसे देतो. आपल्या तळ्याची ७७६ ब्रास माती ट्रॉलीत भरली की ९७० ब्रास होते. १५० रुपये ब्रासचा दर धरला तर १९४ ब्रासचे २९,१०० रुपये अधिक गेले. वाहतुकीचे पैसे खेपांवर द्यावेत, खोदाईचे मात्र खड्ड्याच्या मापावर. हातखोदाईच्या काळी खड्ड्यात मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा खुंट साक्षीसाठी राखून ठेवीत व त्यावरून खोली मोजीत. ती युक्ती यंत्राच्या कामासही तितकीच लागू पडते. कडेला दोन-तीन ठिकाणी मूळ पातळीचे दगड पक्के बसवून घेतले तरी चालेल.

आता यंत्र विकतच घेण्याचा प्रश्न. शेततळे, बंगल्याचा पाया, रस्ता अशी कामे भोवताली निघालेली पाहून पुष्कळ तरुणांच्या मनात तो येतो व कर्जही मिळते. नव्या जेसीबीची किंमत ३२ लाख रुपये आणि आठ वर्षांनंतर तिचे ८ लाख येतील असे समजा. घसारा वर्षाला ३ लाख झाला. सरासरी २० लाख रुपये गुंतलेले राहतात. त्यांवर दहा टक्क्यांनी व्याज २ लाख. विमा व कर ५०,०००. ऑपरेटरला महिना १८,००० म्हणजे वर्षाचे २,१६,०००. यंत्र झाडाखाली उभे राहिले तरी हे ७,६६,००० रुपये जातातच. चालू खर्चात तासाला पाच लिटर डिझेल ९० रुपयांप्रमाणे ४५० रुपये, तेल, टायर व दुरुस्तीचे १५० रुपये, एकूण ६०० रुपये. भाडे १,००० असेल तर तासामागे ४०० रुपये सुटतात व वरचा खर्च भरून निघण्यास वर्षाला सुमारे १,९१५ तास काम लागते. पाऊस उघडल्यापासून मृगापर्यंत फार तर २३० दिवस मिळतात. रोज आठ तास, एकही सुटी नाही, एकही बिघाड नाही असे धरले तरी १,८४० तासच होतात. इतके राबूनही मालकाच्या हाती काही उरत नाही, उलट थोडे अंगावरच येते. आणि हे भाडे बुडाले नाही असे मानून झाले.

स्वतःच्या तळ्याच्या १२२ तासांसाठी यंत्र घेणे म्हणूनच शेतीत बसत नाही. ज्याला बारमाही कामे बांधून मिळालेली आहेत, ज्याच्या घरात ऑपरेटर आहे आणि दुरुस्तीची जाण आहे, त्याने तो स्वतंत्र धंदा म्हणून करावा व शेताच्या उत्पन्नावर त्याच्या हप्त्यांचा भार टाकू नये. जुने यंत्र घेतल्यास घसारा कमी पडतो, पण दुरुस्ती वाढते. सांध्यांच्या पिना ढिल्या आहेत का, हायड्रॉलिक तेल कोठून पाझरते का, हे जाणत्या मिस्त्रीकडून पाहून घ्यावे आणि नोंदणी पुस्तकावर कोणाच्या कर्जाचा बोजा शिल्लक नाही याची खात्री करावी.

पैशाचे नुकसान पुढील हंगामात भरून येते, मातीचे येत नाही. सपाटीकरणात चढावरची वीतभर सुपीक माती खोलगटात ढकलली जाते व तिच्यावर मुरूम पडतो. वरून पाहता शेत आरशासारखे दिसते, पीक मात्र पट्ट्यापट्ट्यांनी पिवळे पडते. कित्येक गाड्या शेणखत घालूनही असा पट्टा वर्षानुवर्षे सुधारत नाही. यंत्रचालकास हे दिसत नाही, कारण त्याचे काम पातळी साधण्याचे असते. म्हणून पहिला तास वरची माती खरडून बाजूस ढीग लावण्यातच घालवावा, मग खालचा मुरूम उचलावा आणि शेवटी ती माती पुन्हा पसरून द्यावी. यात तास वाढतात, पण कुचराई करू नये. काळ्या जमिनीत ओल असताना यंत्र मुळीच घालू नये. त्याच्या वजनाने जमीन दबते व पुढे नांगर तेथे उड्या मारतो. तळ्याचा काळा गाळ शेतात घालावयाचा असेल तर तो मुरमाबरोबर मिसळू न देणे हेही यातच आले.

यंत्र येण्यापूर्वी हद्दीचा वाद असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. यंत्राने कोरलेला बांध पुन्हा जुन्या जागी घालता येत नाही. प्रवरा व मुळा काठच्या गावांत एकाच्या शेतातून दहा जणांच्या पाइपलाइनी गेलेल्या असतात. त्यांवर चुन्याची रेघ ओढून ठेवावी, वरून गेलेल्या विजेच्या तारा ऑपरेटरला दाखवाव्यात व मुलांना काठापासून दूर ठेवावे. निघालेला मुरूम विकावयाचा किंवा शेताबाहेर न्यावयाचा असेल तर तहसील कार्यालयाची परवानगी अगोदर घ्यावी, कारण गौण खनिजाच्या विनापरवाना उत्खननास बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो. चाकांच्या यंत्राची नोंदणी, विमा व ऑपरेटरचा परवाना पाहण्यात संकोच मानू नये. काम अनुदानातून होत असल्यास मंजुरीपत्रातील अटी पुन्हा एकदा वाचाव्यात. रोजगार हमीची कामे मुळात हातांना काम देण्यासाठी असल्याने मजुरांना दूर सारणारे यंत्र तेथे लावले की रक्कम अडते.

चैत्र-वैशाखात साऱ्या तालुक्याला यंत्र एकदमच हवे असते. दर चढतात आणि मालक मोठ्या रस्त्याच्या कामावर निघून जातो. रब्बीची काढणी होताच, फाल्गुनाच्या सुमारास ठरविलेले काम स्वस्तात व निवांत होते. इसार थोडा द्यावा, मधली रक्कम अर्धे काम झाल्यावर द्यावी आणि शेवटचा चौथा हिस्सा साक्षीच्या खुंटावरून खोली मोजून, काठाचा भराव दाबून व वरची माती पसरून झाल्यावरच हाती ठेवावा.