संशोधकाची भाषा व शेतकऱ्याची भाषा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील वाचकांस २०१७ सालचा खरीप विसरतां येणें शक्य नाहीं. गुलाबी बोंडअळीनें कपाशी पोखरली. आणि फवारणी करतांना विषबाधा होऊन जिल्ह्यांत वीसांहून अधिक शेतकरी व मजूर प्राणांस मुकले, शेंकडों लोक रुग्णालयांत पडले. अळी बोंडांत कशी शिरते, हें शास्त्रज्ञांस पूर्वींच ठाऊक होतें. तोंड व हात झांकावे, वाऱ्याच्या उलट दिशेनें फवारूं नये, हेंही ठाऊक होतें. ज्ञान होतें, परंतु तें बांधापर्यंत पुरतें पोंचलें नव्हतें. म्हणून तरुण संशोधकास आपलें ज्ञान सांगावयास शिकविणें हें केवळ विद्यापीठाचें काम नसून आपलेंही आहे, असें आम्हांस वाटतें.

अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ १९६९ सालीं व नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ सालीं स्थापन झाली. कृषि महाविद्यालयांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कृषिदूत व कृषिकन्या म्हणून गांवोगांवीं येतात. त्यांतीलच कांहीं पुढें संशोधक होतात. परंतु त्यांचे प्रबंध बहुधा इंग्रजींत असतात व ते तपासणारेही शास्त्रज्ञच; शेतकऱ्याशीं बोलण्याचा सराव मागें पडतो. तरुण संशोधकांनीं सामान्य वाचकांसाठीं लिहावें म्हणून केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानें २०१८ सालीं 'अवसर' नांवाची बक्षीस-योजना काढली, ही गोष्ट स्तुत्य होय. तथापि शिवारांतील प्रश्न लेखाहून अधिक शिकवितात.

एक उदाहरण घेऊं. संशोधक म्हणतो, "कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर आल्यावर उपाय योजावा." शेतकरी मान डोलावतो, परंतु घरीं काय नेतो? तेंच असें सांगावें: "हेक्टरीं पांच कामगंध सापळे लावा. दर सापळ्यांत रोज सरासरी आठ पतंग, असे सलग तीन दिवस सांपडले, किंवा तोडून पाहिलेल्या वीस हिरव्या बोंडांपैकीं दोहोंत अळी निघाली, म्हणजे उपायाची वेळ झाली. डोमकळी दिसतांच तोडून नष्ट करा." यांत शास्त्र उणें झालें नाहीं, माप मात्र हातीं आलें.

संशोधकानें आणखी तीन गोष्टी सांगाव्या: प्रयोग कोणत्या जमिनींत केला, किती हंगाम केला व कोठें फसला. ओलिताच्या काळ्या जमिनींतील अनुभव कोरडवाहू बरडास लागू पडेलच असें नाहीं. "हें अद्याप ठरलेलें नाहीं," असें म्हणण्यांत त्याची अप्रतिष्ठा नाहीं.

आतां आपलें कर्तव्य.

(१) पाहुण्यास चावडीवरून परत न पाठवितां आपल्या बांधावर न्यावें.

(२) शब्द न कळल्यास तेथल्या तेथें विचारावा व आपल्याकडील शब्द त्यास द्यावा.

(३) ऐकलेलें आपल्या भाषेंत त्यास परत सांगावें. चूक झाली तर आपलें सांगणें कोठें कमी पडलें, हें त्याचें त्यासच कळतें.

(४) सालदार व फवारणीचे मजूर यांस पुढें बसवावें. विष त्यांच्या अंगावर उडतें, आपल्या सात-बाऱ्यावर नव्हे.

येत्या मृगापूर्वीं प्रत्येक गांवानें अशी एक बैठक घडवून आणावी, एवढीच आमची सभासदांस विनंति आहे. तरुणाची जीभ मोकळी होईल, आणि एखाद्या घरचा कर्ता पुरुष सायंकाळीं धड घरीं परतेल.