तिचाकीची सफर आणि वाटेंतील विघ्नें

तिवई कोठेंही ठेवा, ती डुगडुगत नाहीं. चौरंग मात्र जमीन किंचित् उंचसखल असली कीं एका पायानें टकटक वाजूं लागतो. तीन बिंदूंतून एकच प्रतल जातें, हा सिद्धांत आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. परंतु त्या सिद्धांतावर बसून गांवोगांव हिंडतां येतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. तीन चाकांची सायकल, अर्थात् तिचाकी, आपल्याकडे लहान मुलांचें खेळणें किंवा ओझें वाहण्याची गाडी म्हणूनच परिचित आहे. केवळ मौजेकरितां दूरवर फिरण्याचें वाहन म्हणून तिचा इतिहास मोठा आहे, आणि त्या इतिहासांत अपघातांचा वांटाही कांहीं लहान नाहीं.

या वाहनाला बहर आला तो इंग्लंडांत. १८७० नंतरच्या दशकांत तेथें जी दुचाकी प्रचारांत होती, तिचें पुढलें चाक जवळजवळ माणसाच्या छातीइतकें उंच असे. अडखळली कीं स्वार डोक्यावर आपटे. स्त्रिया, वयस्क मंडळी आणि सावध प्रकृतीचे लोक यांना हें मानवणारें नव्हतें. कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली या कारागिरानें त्यांची सोय पाहिली. अशी कथा सांगतात कीं, दोघांनीं शेजारीं बसून चालविण्याच्या गाडीवरून तो मुलासह निघाला असतां, मुलाचे पाय अधिक दणकट म्हणून गाडी एका बाजूस वळली आणि उभयतां रस्त्याबाहेर जाऊन पडले. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, अडचण खरी होती. शिवाय दोन चाकें एकाच आंसाला घट्ट बसविलीं तर वळणावर दुसरी पंचाईत उभी राहते. चाकांमध्यें ७० सेंटिमीटर अंतर असेल, तर अर्धवर्तुळ वळतांना बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां सुमारें २.२ मीटर अधिक चालतें, मग वळण लहान असो कीं मोठें. (विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करावें, त्यांतून त्रिज्या कशी उडून जाते तें पाहण्यासारखें आहे.) दोन्ही चाकांना जोर तर पोंचावा, परंतु प्रत्येकास आपापल्या वेगानें फिरण्याची मोकळीक असावी, अशी दांत्यांची रचना स्टार्लीनें १८७७ सालीं तिचाकीस बसविली. तेंच तत्त्व आज मोटारींत डिफरन्शियल या नांवानें काम करीत आहे.

१८८१ सालीं व्हिक्टोरिया राणीनें स्टार्लीच्या ‘सॅल्व्हो’ जातीच्या दोन तिचाक्या मागविल्या आणि या वाहनास एकदम प्रतिष्ठा आली. १८८४ सालीं एलिझाबेथ व जोसेफ पेनेल हें दांपत्य दोघांच्या तिचाकीवरून लंडनहून कँटरबरीस गेलें, आणि त्याच वर्षीं इटलींत फ्लॉरेन्सहून रोमपर्यंत. पत्नीनें प्रवासवर्णन लिहिलें, पतीनें चित्रें काढलीं. पुढें समान चाकांची दुचाकी आली व तिचाकी मागें पडली. तरी ती नाहींशी झाली नाहीं. वार्धक्यामुळें, कानाच्या विकारामुळें किंवा पक्षाघातानंतर ज्यांचा तोल गेला आहे, त्यांना पुन्हां मोकळ्या रस्त्यावर आणणारें हें वाहन आहे. अशा माणसाला पडण्याची जखम तरुणाहून महाग पडते; म्हणूनच तिचाकी केव्हां पडते हें नीट समजून घेतलें पाहिजे.

आणि ती पडते! उभी असतां ती पडत नाहीं, या गोष्टीनेंच माणूस फसतो. दुचाकी वळणावर आंत झुकते व तोल सांभाळते; तिचाकीस झुकतां येत नाहीं. समजा, एक चाक पुढें व दोन मागें आहेत, मागील चाकांत ७० सेंटिमीटर अंतर आहे, आणि स्वारासह गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १ मीटर उंच व मागील आंसापासून लांबीच्या एकतृतीयांशावर आहे. पुढलें चाक आणि बाहेरचें मागलें चाक यांना जोडणारी रेषा ही कलंडण्याची रेषा. गुरुत्वमध्याच्या खालच्या बिंदूपासून ती बाजूस अवघी २३ सेंटिमीटर राहते. हिशेब केला असतां, ८ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशीं सुमारें १५ किलोमीटर वेगालाच आंतलें चाक उचलूं लागतें. हा तर रमतगमत जाण्याचा वेग झाला! म्हणून वेग वळणापूर्वींच कमी करावा, धड आंतल्या बाजूस वांकवावें, आणि वळणाच्या मध्यावर ब्रेक करकचून दाबूं नये. कारण त्या वेळीं भार पुढें धांवतो, आणि पुढेंच गाडीचा पाया अरुंद असतो.

पाठ टेकून व पाय पुढें पसरून चालविण्याच्या नव्या तिचाकींत दोन चाकें पुढें असतात व बैठक अगदीं खालीं. गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटरवर आला आणि ती रेषा २५ सेंटिमीटर दूर राहिली, तर तेंच वळण ताशीं सुमारें २४ किलोमीटरपर्यंत निभावतें. परंतु हिचीं विघ्नें निराळीं. पाय पॅडलवरून सुटून जमिनीस टेकला तर धांवती गाडी त्याच्यावर चालून येते आणि घोटा मोडतो. यास्तव पाय पॅडलला जखडणें येथें चैन नव्हे. गाडी बुटकी म्हणून मोटारवाल्यास दिसत नाहीं. उंच काठीस निशाण लावावें. उतरतांना चाक अडविणारा ब्रेक लावला नाहीं तर उतारावर गाडी मालकास सोडून निघून जाते.

खड्ड्यांचें दुःख दोन्ही जातींस सारखेंच. चाकोऱ्या तीन, तेव्हां एक खड्डा चुकविला कीं दुसऱ्या चाकाला तो सांपडलाच. हवेच्या धांवेनें हे धक्के सुसह्य केले, आणि मौज अशी कीं, बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें १८८७ सालीं ती प्रथम आपल्या मुलाच्या तिचाकीसाठींच केली. धांव आली तसें पंक्चरही आलें. मात्र येथें तिचाकी उपकार करते. पुष्कळ गाड्यांत जोडीचें चाक एकाच बाजूनें धरलेलें असतें. तें न काढतांच ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावतां येतें. गाडी कुशीवर कलती करावी म्हणजे झालें.

जोराचा धक्का बसल्यावर आणखी एक तपासणी अवश्य करावी. पुढल्या दोन चाकांना जोडणारा दांडा वांकला तर चाकें समांतर राहत नाहींत, धांव रस्त्यावर घासूं लागते आणि थोड्याच प्रवासांत झिजून जाते. सुतळी घेऊन दोन्ही चाकांमधील अंतर आंसाच्या उंचीवर पुढच्या कडेस एकदां व मागच्या कडेस एकदां मोजावें. फरक लक्षांत येण्याजोगा असेल तर दांडा सरळ करवून मगच पुढें निघावें.